शेपटावर

बादलीतलं पाणी आधी कोपरानं तपासते,
तान्ह्या बाळासाठी तपासावं तसं.
मग तिच्या बाजूला उभी राहते, मागे नाही.
घोड्याच्या मागे उभं राहू नये
हे वडिलांनी लाथ खाऊन शिकवलं.
खाल्ली त्यांनी, शिकले मी.

गोला.
आमच्या भाषेत झुळूक.
बुटकी, मातकट, तेरा वर्षांची,
आणि शेपटाच्या मुळाशी
खरवडलेल्या पातेल्यासारखी.

कुंपणाचा तिसरा खांब तिचा लाडका.
त्याला ढुंगण लावून घासत राहते, डोळे मिटून.
लाकूड गुळगुळीत झालंय
जुन्या चर्चमधल्या बाकासारखं.
फटीत अडकलेले केस पक्षी नेतात.
शेजारचा क्रेस्टेन म्हणतो,
माझ्या छपराखालच्या घरट्यात
तुझ्या घोडीचं अर्धं शेपूट आहे.

साबण थोडाच.
खपल्या ओढायच्या नाहीत,
भिजू द्यायच्या, सुटतील तेव्हा सुटतील.
फेस पुरता जाईपर्यंत धुवायचं,
राहिलेला साबणही खाजतो.
टिपायचं, चोळायचं नाही.
मग तेल. डॉक्टर बिर्थेनं दिलेली बाटली,
कडुनिंबाचं,
मी न पाहिलेल्या झाडाचं,
न सोसलेल्या उन्हातलं.
वास असा, की पहिल्या दिवशी
आम्ही दोघींनी एकदमच मान फिरवली.

चिलटं आहेत ती. टाचणीच्या टोकाएवढी.
वारा पडला की सांजेला
लीमफ्योर्डच्या ओल्या काठावरून उठतात.
इथं जन्मलेल्या घोड्यांनाही चावतात,
ती शेपूट झटकतात, चरत राहतात.
आमच्या खोऱ्यात चिलटं नव्हती.
तिच्या रक्ताला हा शब्द
लहानपणी कुणी शिकवलाच नाही.
आणि मोठेपणी शिकलेली भाषा,
मला विचारा,
कातडीखाली खाजत राहते.

सहा वर्षांची होती, माझ्यामागून आली,
विमानाच्या पोटात, लाकडी खणात, उभ्यानं.
बेटाचा कायदा असा की
बाहेर गेलेला घोडा पुन्हा आत येत नाही.
मी जाते. दर नाताळला जाते.
तबेल्यातले बूट तेवढे इथंच ठेवून जाते,
तिच्या घामाचा वाससुद्धा त्यांना नको.

वडील फोनवर माझं काही विचारत नाहीत.
शेपूट कसं आहे?
बोटभर वाढलंय, मी सांगते.
कंगवा लावू नकोस. बोटांनी सोडव, खालून वर.
टोकापर्यंत यायला केसाला वर्षं लागतात.
हो, म्हणते मी.
मग आम्ही दोघं थोडा वेळ
एकमेकांचा श्वास ऐकतो,
आणि पैसे जातील म्हणून ते ठेवून देतात.

मे महिन्यात त्यांचं पाकीट आलं.
पत्र नव्हतं.
दोऱ्यानं बांधलेली केसांची बट,
जाड, निबर, करडी.
दोऱ्याला चिठ्ठी: हिच्या आईची.
एवढंच.

तिच्या नाकाशी धरली.
तिनं हुंगली. वरचा ओठ उलटा करून
मान उंच केली, दात दाखवत,
कितीतरी वेळ.
मी वाट पाहत राहिले,
कशाची ते ठाऊक नाही.
मग ती वळली, तिसऱ्या खांबापाशी गेली
आणि घासू लागली.

जिवावरचं शेपटावर निभावलं,
असं लोक सुस्कारा टाकून म्हणतात.
आमचं अजून निभावतंय,
रोज संध्याकाळी, कोमट पाण्यानं.

झूल घालते. पोटाखालचा पट्टा ओढते.
शेपटावरची झापड खाली करून
बंद लावते, तेवढ्यात ती ते,
तेलानं चिप्प झालेलं, आखूड,
माझ्या तोंडावर झटकते.

वारा सुटलाय.
आज चिलटं यायची नाहीत बहुतेक.
तरी बंद तपासते पुन्हा एकदा.